पाय आधी आले, डोकं मागून आलं

(आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं भाषण, थोडं आवरून लिहिलेलं)

नमस्कार मंडळी. बोलायला सुरुवात करायच्या आधी एक काम करूया, सगळ्यांनी जरा उभे राहा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरा, अजिबात घाई नाही. आता उजवा पाय जमिनीपासून चार बोटं वर उचला, आणि डाव्या हाताची बोटं डाव्या बाजूला, कमरेचं हाड संपतं आणि खुबा सुरू होतो त्याच्या मधे जी मऊ जागा आहे ना, तिथे दाबून ठेवा. काहीतरी टणक झालेलं लागतंय? पाय खाली टेकवा, मऊ पडलं. परत उचला, परत टणक. बसा आता.

तर हा जो टणकपणा तुमच्या बोटांना लागला त्याच्याभोवतीच आजचं सगळं बोलणं आहे. आपण दोन पायांवर चालतो असं म्हणतो खरं, पण नीट बघितलं तर चालताना आपण बहुतेक वेळ एकाच पायावर असतो, दुसरा हवेतून पुढे जात असतो. आणि एका पायावर असताना धड दुसऱ्या बाजूला कलंडायला हवं, ते कलंडत नाही, कारण उभ्या पायाच्या बाजूचा हा स्नायू कमरेला धरून ठेवतो. तो कमजोर झाला की माणूस झोके खात चालतो, ऑर्थोपेडिकच्या ओपीडीत डॉक्टर पेशंटला एका पायावर उभं करून मागून बघतात ते हेच बघतात. चिंपांझीलाही हाच स्नायू आहे, तेवढाच दांडगा, फक्त त्याचा मागच्या बाजूला आहे. त्यामुळे तो पाय मागे ढकलायला उपयोगी पडतो पण धड सावरायला नाही, म्हणून चिंपांझी दोन पायांवर चार पावलं टाकतो तेव्हा सगळं अंग एकदा इकडे एकदा तिकडे टाकत, गुडघे वाकवून चालतो आणि लवकर दमतो.

मी ३१ वर्षं मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवली. पहिल्या वर्षाची मुलं हाडांचं कपाट उघडलं की कवटीलाच हात घालतात, मी त्यांच्या हातात आधी कमरेचं हाड द्यायचे. आमच्याकडे चिंपांझीच्या कमरेच्या हाडाचा एक प्लास्टरचा कास्ट होता, तो आणि माणसाचं हाड शेजारी शेजारी ठेवायचे आणि म्हणायचे, पाच मिनिटं काही बोलू नका, नुसतं बघा. चिंपांझीचं हाड उंच, चपटं, पाठीला लागून उभं, भिंतीला सूप टेकवून ठेवावं तसं. आपलं बुटकं, रुंद आणि दोन्ही बाजूंनी पुढे वळलेलं, म्हणजे दोन्ही मिळून बुडाचं घमेलं झालंय ज्यात आतडी वगैरे सगळा संसार बसतो. हाड बाजूला वळलं म्हणून त्याला चिकटलेला स्नायू पाठीमागून बाजूला आला. तुमच्या बोटांना लागला तो तिथे यायला लाखो वर्षं लागलीत. २०२५ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला, त्यात गर्भातल्या बाळांच्या हाडांच्या वाढीची तुलना इतर प्राण्यांशी केली होती, तर दिसलं असं की माणसाच्या कमरेच्या हाडाची जी कूर्चा, म्हणजे हाड व्हायच्या आधीचा मऊ भाग, वाढत जाते तिची वाढीची दिशाच काटकोनात फिरलेली आहे, इतर माकडांत ती उंचीकडे वाढते आणि आपल्यात रुंदीकडे. मी रिटायर झाल्यावर हे वाचलं आणि वाटलं की आता परत एकदा वर्गात जाऊन तो कास्ट काढून दाखवावा.

आता ते चित्र सगळ्यांनी पाहिलं असेल, डावीकडे वाकलेला चिंपांझी, मग थोडा ताठ, मग अजून थोडा, शेवटी भाला घेऊन माणूस. टी-शर्टवर असतं, शाळांच्या भिंतींवर असतं. मला ते चित्र आवडत नाही आणि का ते सांगते. एक तर चिंपांझी आपला पूर्वज नाही, तो चुलत भाऊ आहे, साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही थोडं आधी त्याचं आणि आपलं घर वेगळं झालं आणि तेव्हापासून तोही बदलत आलाय, तो काही आपली वाट बघत तिथेच थांबलेला नाही. पण दुसरी चूक जास्त मोठी आहे. त्या चित्रात पाठ आणि डोकं एकदमच सुधारत जातात, जणू जसजशी अक्कल वाढली तसतसा माणूस ताठ झाला. प्रत्यक्षात झालं उलटं.

ही चूक चित्रकाराची नाही, खूप मोठ्या मोठ्या माणसांची होती. डार्विनने १८७१ साली माणसाच्या उत्पत्तीवर लिहिलं तेव्हा त्याच्याकडे आफ्रिकेतलं एकही मानवी फॉसिल नव्हतं, तरी आपले पूर्वज आफ्रिकेत राहिले असण्याची शक्यता जास्त हे त्याने लिहून ठेवलं, ते पुढे खरं निघालं. उभं राहिल्यामुळे हात मोकळे झाले, हत्यारं आली, हेही त्याचंच. पण तो या सगळ्याचं एक गाठोडं बांधत होता, उभं राहणं, हत्यार, बुद्धी, लहान सुळे, सगळं एकमेकांच्या हाताला धरून येतंय असं. त्याच्या नंतरच्या लोकांनी त्या गाठोड्यातून मेंदू पुढे काढला. माणूस म्हणजे मेंदू, मग मेंदूच आधी मोठा झाला असणार, असं त्यांना इतकं मनापासून वाटत होतं की १९१२ साली इंग्लंडमधे पिल्टडाऊन नावाच्या ठिकाणी मोठ्या मेंदूची कवटी आणि माकडासारखा जबडा ‘सापडला’ तेव्हा बऱ्याच जणांनी तो आनंदाने मान्य केला. १९५३ साली सिद्ध झालं की कवटी माणसाची होती, जबडा ओरांगउटानचा, आणि दात कानशीने घासलेले. ४१ वर्षं! ज्याला आपल्याला हवं ते ऐकायचंय त्याला फसवणं किती सोपं असतं हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगायचे.

आणि त्याच काळात खरी गोष्ट समोर आलेली होती. १९२४ साली दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गमधे रेमंड डार्ट नावाचा ॲनाटॉमीचा प्रोफेसर होता, म्हणजे आमच्याच विषयाचा माणूस. टाउंग इथल्या चुनखडीच्या खाणीतून त्याच्याकडे दगडांची खोकी आली, त्यातल्या एका दगडात चेहरा अडकलेला होता. त्याने बायकोच्या विणकामाच्या सुया घेऊन, टोकं घासून, तो दगड हळूहळू कोरला. आतून एका लहान मुलाचा चेहरा निघाला, दुधाचे दात असलेला. मेंदू छोटा, चिंपांझीच्या आसपास. पण डार्टने कवटी उलटी करून बघितली. कवटीच्या बुडाला एक मोठं भोक असतं, मज्जारज्जू तिथून खाली उतरतो. चार पायांच्या प्राण्यात ते भोक मागे असतं, कारण मान मागून येते. आपल्यात ते खाली, पार मध्यावर असतं, म्हणजे डोकं मानेवर तोलून ठेवलेलं असतं, पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन बाई चालते ना तसं. त्या मुलाचं भोक पुढे होतं. छोटा मेंदू आणि ताठ मान. डार्टने १९२५च्या फेब्रुवारीत ते छापलं आणि लंडनच्या मोठ्या लोकांनी मान हलवली नाही, म्हणाले हे माकडाचं पिल्लू आहे. त्यानंतर साधारण वीस वर्षं गेली, दक्षिण आफ्रिकेतल्याच स्टर्कफाँटेनच्या गुहेतून १९४७ला एक कमरेचं हाड निघालं, बुटकं आणि रुंद, घमेल्यासारखं, तेव्हा कुठे लोकांचं मत फिरायला लागलं. बघा, शेवटी कमरेच्या हाडानेच साक्ष दिली.

मग इथिओपिया. अफार भागात हदार म्हणून ठिकाण आहे, ऊन असं की विचारू नका, जमीन पावसाने धुतली गेली की हाडं वर येतात. १९७३ साली डोनाल्ड जोहान्सन तिथे पहिल्यांदा मोठी मोहीम घेऊन गेला होता, त्याला एक गुडघा मिळाला. फक्त गुडघा, मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक. त्याने दोन्ही जुळवून बघितले तर सरळ बसेनात, कोनात बसले. आपलं मांडीचं हाड खुब्यापासून खाली येताना आत तिरपं येतं, म्हणून दोन्ही गुडघे एकमेकांच्या जवळ असतात आणि पाय शरीराच्या बरोबर खाली पडतो. चिंपांझीचं हाड सरळ खाली येतं, म्हणून त्याचे पाय फाकलेले. एवढ्याशा गुडघ्यावरून कळलं की हा प्राणी उभा चालत होता, ३० लाखांहून जास्त वर्षांपूर्वी. पुढच्याच वर्षी, २४ नोव्हेंबर १९७४ला, त्याच भागात ती सापडली जिला जग ल्युसी म्हणतं आणि इथिओपियात दिंकनेश म्हणतात, म्हणजे ‘तू अद्भुत आहेस’. ३२ लाख वर्षं जुनी, सांगाड्याचा साधारण ४० टक्के भाग मिळाला. उंची जेमतेम साडेतीन फूट. आपल्याकडे केजीतली मुलगी असते तेवढी, पण पूर्ण वाढ झालेली बाई. कंबर आपल्यासारखी, गुडघा आपल्यासारखा, आणि मेंदूची जागा आपल्या मेंदूच्या जवळपास एक तृतीयांश.

गुडघ्याचं थोडं अजून सांगते कारण मला ते फार सुंदर वाटतं. तो तिरपेपणा घेऊन आपण जन्माला येत नाही. तान्ह्या बाळाचं मांडीचं हाड जवळजवळ सरळ असतं, बाळ धरून धरून उभं राहतं, पांगुळगाडा ढकलतं, पडतं, परत उठतं, आणि त्या चालण्याच्या वजनाने हाड हळूहळू तिरपं वाढत जातं. जी मुलं आजारामुळे कधीच चालू शकली नाहीत त्यांच्यात तो कोन येत नाही. म्हणजे ल्युसीच्या गुडघ्यात तिचा वंश तर दिसतोच पण तिचं बालपणही दिसतं, ती कोणाच्या तरी मागे मागे चालायला शिकली होती हे त्या हाडात लिहिलंय. पाठीचंही तसंच, बाळाचा कणा जन्मतः एकच बाक घेऊन येतो, मान धरायला लागलं की मानेचा बाक, उभं राहायला लागलं की कमरेचा. माझी नात अकरा महिन्यांची असताना पहिल्यांदा हात सोडून उभी राहिली, दोन्ही हात वर, पाय फाकलेले, चेहऱ्यावर आश्चर्य, आणि घरातले सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी तिच्या कमरेकडे बघत होते.

आता काळाचा हिशेब बघा, माझं सगळं म्हणणं यातच आहे. आपल्याला मिळालेली सगळ्यात जुनी दगडी हत्यारं केनियात लोमेक्वीला सापडलेली, ३३ लाख वर्षांची. मेंदू खऱ्या अर्थाने वाढायला लागला तो साधारण २० लाख वर्षांपूर्वीपासून. आणि उभं राहण्याच्या खुणा? केनियात टुगेन टेकड्यांत २००० साली ओरोरिन सापडला, ६० लाख वर्षं जुना, त्याचं मांडीचं हाड उभं चालणाऱ्याचं वाटतं. चाडच्या वाळवंटात २००१ साली तुमाई नावाची कवटी मिळाली, जवळपास ७० लाख वर्षांची, तिच्या बुडाचं ते भोक पुढे आलेलं आहे, तिच्या मांडीच्या हाडावरून अजून संशोधकांची भांडणं चालू आहेत. ती भांडणं बाजूला ठेवली तरी निदान ४० लाख वर्षांपासून पुढे उभं चालणाऱ्यांबद्दल कोणाला शंका नाही. म्हणजे आपले पूर्वज छोट्या मेंदूने, मोकळ्या हातांनी, आपल्या हाती लागलेलं पहिलं हत्यार घडवलं जाण्याच्या आधी लाखो वर्षं चालत होते. कोणी ‘आता हात मोकळे करूया म्हणजे पुढे आपल्याला लिहिता येईल’ असं ठरवलं नव्हतं. पाय आधी आले आणि डोकं त्यांच्या मागून, फार मागून आलं.

मग उभे का राहिले? हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारतात. जुनं उत्तर असं की आफ्रिकेत हवा कोरडी झाली, जंगलं आटली, गवताळ माळ आले, गवताच्या वर बघायला म्हणून ते उभे राहिले. पूर्व आफ्रिकेची ती मोठी खचदरी आहे ना, तिच्या पूर्वेला माळ आणि पश्चिमेला जंगल, पूर्वेचे माणूस झाले आणि पश्चिमेचे चिंपांझी, असंही एक सुटसुटीत उत्तर फ्रेंच संशोधक इव्ह कोपान्सने मांडलं होतं. मग चाडमधली तुमाई निघाली, खचदरीपासून पश्चिमेला अडीच हजार किलोमीटर, आणि ते उत्तर डळमळीत झालं. आणि त्याहून मोठा धक्का आर्डी नावाच्या सांगाड्याने दिला. इथिओपियातच, अरामिस नावाच्या भागात, टिम व्हाइटच्या टीमने १९९४ पासून हे हाडांचे तुकडे गोळा केले, हाडं इतकी ठिसूळ की हात लावला की चुरा व्हायचा, सगळं जमवून छापायला २००९ उजाडलं. पंधरा वर्षं! ४४ लाख वर्षांची ही आर्डी. कमरेचा वरचा भाग रुंद आणि बुटका, म्हणजे जमिनीवर उभी चालणारी, पण पायाचा अंगठा हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला, फांदी पकडणारा. आणि ती ज्या थरात सापडली त्याच थरात झाडावरची माकडं, झाडांच्या बिया, जंगलातले प्राणी. म्हणजे माळ यायच्या आधीच उभं राहणं सुरू झालं होतं, झाडीतच.

झाडावर उभं कसं राहतात हे सुमात्राच्या ओरांगउटानांनी दाखवलं. २००७ साली संशोधकांनी नोंदवलं की बारीक, लवचिक फांद्यांवर जाताना ते दोन पायांवर उभे राहतात आणि हाताने वरची फांदी धरतात, लोकलमधे वरची कडी धरून आपण उभे असतो तसं अगदी. पाय सरळ ठेवूनच, वाकवून नाही. टांझानियात इसा नावाच्या खोऱ्यात चिंपांझी राहतात, तिथे झाडं विरळ आहेत, माळच आहे बऱ्यापैकी, तर अपेक्षा अशी की ते जमिनीवर जास्त उभे चालतील. २०२२ साली छापून आलं की त्यांचं उभं राहणं बहुतेक सगळं झाडावरच होतं, जमिनीवर नाही. मला यावरून वाटतं की उभं राहण्याची सवय फांदीवर लागली आणि जमिनीवर उतरल्यावर ती कामाला आली, पण हे माझं मत म्हणून घ्या, दुसरी मतं मांडणारे फार अभ्यासू लोक आहेत.

कामाला कशी आली? दोन गोष्टी. एक म्हणजे वाहून नेणं. गिनीमधे बोसू म्हणून जागा आहे, तिथल्या चिंपांझींसमोर संशोधकांनी त्यांना रोज न मिळणारी एक कवचफळाची जात ठेवली, तर ते दोन्ही हातात, तोंडात भरून घेऊन दोन पायांवर चालायला लागले, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळा. शेतातल्या पपया पळवतानाही तेच. जे कमी आहे आणि दुसरा उचलेल ते एकाच खेपेत न्यायचं असेल तर हात लागतात. आणि दुसरी गोष्ट म्हणजे खर्च. २००७ सालीच एक प्रयोग छापून आला, पाच चिंपांझी आणि चार माणसं ट्रेडमिलवर चालवली, तोंडाला मास्क लावून किती ऑक्सिजन जातो ते मोजलं. माणसाला चालायला चिंपांझीपेक्षा जवळपास ७५ टक्के कमी ऊर्जा लागली. आळंदीहून पंढरपूर अडीचशेच्या आसपास किलोमीटर, सत्तरीच्या आज्या डोक्यावर तुळस घेऊन जातात, त्यात भक्ती तर आहेच पण ही काटकसर करणारी कंबर आणि टाच पण आहे. त्या प्रयोगातला एक बारकावा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पाचही चिंपांझी सारखे नव्हते, बहुतेकांना दोन पायांवर चालणं महाग किंवा चारांइतकंच पडलं पण एकीला ते स्वस्त पडलं, तिची पावलं लांब होती. असा थोडासा फरक असला की निसर्गाच्या निवडीला धरायला काहीतरी मिळतं, आणि अशी एखादी मादी, दुष्काळाच्या वर्षी, दिवसाला थोडं जास्त अंतर कमी भुकेत तोडते, तिची पोरं जगतात.

आता ज्यासाठी तुम्ही बरेच जण आलात तो विषय, दुखणी. कंबर, गुडघा, टाच, व्हेरिकोज व्हेन्स, हर्निया. चार पायांवर जो कणा झोपाळ्याच्या दांड्यासारखा आडवा होता तो आपण खांबासारखा उभा केला, सगळ्यात खालच्या मणक्यावर सगळा भार आला. माकडहाड म्हणतो ना आपण, शेपटीचा उरलेला तुकडा, तोही रिकामा बसलेला नाही, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू त्याला बांधलेले आहेत आणि वरचं सगळं ओझं झोळीसारखं धरून ठेवतात, बाळंतपणानंतर ज्या बायकांची ती झोळी सैल होते त्यांना काय त्रास होतो ते त्या कोणाला सांगत नाहीत, मी इथे मुद्दाम सांगतेय, डॉक्टरकडे जा, त्याला उपाय आहेत.

बायकांचं अजून एक. गरोदरपणात पोट पुढे येतं, चार पायांच्या प्राण्यात ते खाली लोंबतं, तोल जात नाही, आपल्यात तोल पुढे जातो. बाई मागे रेलते. २००७ साली ‘नेचर’मधे दाखवलं गेलं की बायकांच्या कमरेच्या बाकात तीन मणके पाचरीसारखे असतात, पुरुषांत दोन, म्हणून बाईला मागे रेलताना मणक्यावर कमी ताण येतो. आणि हा फरक दक्षिण आफ्रिकेतल्या त्या जुन्या सांगाड्यांतही आहे. म्हणजे लाखो वर्षांपूर्वी पोटुशी बाई कमरेवर हात ठेवून आपल्यासारखीच मागे रेलून उभी राहत असणार. पुढे डोकं मोठं झालं आणि त्या घमेल्यातून बाळ काढणं अवघड झालं. आपलं बाळ वळत वळत येतं आणि बहुतेकदा आईकडे पाठ करून बाहेर पडतं, आईने स्वतः ओढून घ्यायचं म्हटलं तर बाळाची पाठ उलटी वाकेल. म्हणून सुईण लागते. माणसाच्या जातीत बाळंतपण एकटीने करायची गोष्ट राहिली नाही. सुईण हा जगातला सगळ्यात जुना व्यवसाय असेल असं मला मनापासून वाटतं.

आणि आता माझ्या आईचं. ८१व्या वर्षी ती बाथरूमच्या दाराशी बाजूवर पडली आणि खुबा मोडला. मी एक्सरे धरून उभी होते, मांडीच्या हाडाचा जो तिरका दांडा खुब्याच्या गोळ्याला जोडतो, त्याला आम्ही मान म्हणतो, तिथे काळी रेघ. ३१ वर्षं मी मुलांना शिकवलेलं, की उभं चालणाऱ्याच्या त्या मानेची खालची भिंत जाड असते आणि वरची पातळ, कारण चालताना भार खालच्या बाजूवर येतो आणि वरच्या बाजूचा ताण तो सुरुवातीला तुम्ही हाताने दाबून बघितलेला स्नायू कमी करतो. चिंपांझीत दोन्ही भिंती जाड. ओरोरिनच्या हाडाचं स्कॅन केलं तेव्हा संशोधकांनी हेच सांगितलं होतं, खाली जाड, वर पातळ, त्या स्कॅनच्या दर्जावर पुढे वादही झाले. म्हातारपणी ती वरची पातळ भिंत अजून पातळ होते आणि माणूस बाजूवर पडला की भार उलटा येतो, बरोबर त्या पातळ बाजूवर, आणि ती फुटते. म्हणजे ६० लाख वर्षांपूर्वीच्या हाडात ज्या खुणेवरून आपण म्हणतो ‘हा चालत होता’, तीच खूण माझ्या आईच्या एक्सरेत मोडलेली दिसत होती. मला रडू आलं आणि ते फक्त आईसाठी नव्हतं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टने तिला उभं केलं. एक नर्स, एक मी, वॉकर. आई म्हणाली, ‘पाय माझाच आहे पण माझं ऐकत नाही गं.’ रस्त्यावरच्या कुत्र्याचा एक पाय गाडीखाली गेला तर ते तीन पायांवर उड्या मारत जातं, आपण सगळ्यांनी बघितलंय. दोन पायांच्या प्राण्याचा एक मोडला की त्याच्याकडे काहीच उरत नाही. मोकळ्या माळावर, सिंह-तरस असताना, मोडका पाय घेऊन जो प्राणी जगला त्याला कोणीतरी पाणी आणून दिलं असणार, कोणीतरी शेजारी बसलं असणार. जॉर्जियात द्मानिसीला १७ लाख ७० हजार वर्षं जुनी एका म्हाताऱ्याची कवटी आहे, मरायच्या कितीतरी आधी त्याचे एक सोडून सगळे दात पडलेले, जबड्याचं हाड झिजून गेलेलं. तो काही वर्षं तरी बिनदातांचा जगला, कोणाच्या मदतीशिवाय हे अवघडच. हे दुसऱ्याला धरून चालणं उभं राहण्यासोबतच आलं की नंतर, यावर तुम्ही विचार करा, मी बराच केलाय. आई चार महिन्यांनी काठी घेऊन देवळापर्यंत जायला लागली.

आता शेवटी पावलं. गौरी येतात तेव्हा आपण दारापासून घरभर पावलं काढतो, मूठ पिठात बुडवून किंवा रांगोळीने, आणि लहान मुलंसुद्धा पावलं बघून सांगतात की गौरी आत आली, बाहेर गेली नाही. टाच इकडे, बोटं तिकडे. टांझानियात लेटोली म्हणून ठिकाण आहे, तिथे संशोधक मेरी लीकीची टीम काम करत होती. १९७६ साली टीममधले काही जण गमतीत हत्तीचं वाळलेलं शेण एकमेकांना फेकून मारत होते, एक जण चुकवायला खाली वाकला आणि त्याला जमिनीत प्राण्यांचे ठसे दिसले. १९७८ला माणसासारखी टाच दिसली. ज्वालामुखीची राख पडलेली, वरून पावसाची बारीक सर, थेंबांचे खड्डेसुद्धा तसेच राहिलेत, त्या ओल्या राखेवरून आपले हे पूर्वज चालून गेले आणि मग ती सिमेंटसारखी घट्ट झाली. ३६ लाख ६० हजार वर्षांपूर्वी. साधारण २७ मीटर, सुमारे ७० पावलं. टाच आधी टेकलेली, अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत. तुम्ही अंघोळ करून ओल्या पायाने शहाबादी फरशीवर चाललात तर जे उमटेल त्याच्या खूप जवळचं. मोठ्या पावलांची एक ओळ, शेजारी लहान पावलांची एक ओळ. आणि मोठ्या पावलांत अजून कोणीतरी पाय टाकत टाकत मागून आलेलं आहे, चिखलात आपण पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवतो तसं.

अभ्यास झाल्यावर ते सगळं मातीने परत झाकलं. पण त्या मातीत बाभळीच्या जातीतल्या झाडांच्या बिया होत्या, झाडं उगवली, मुळं ठशांकडे निघाली. मग १९९० च्या दशकात टांझानिया सरकार आणि अमेरिकेतल्या गेटी संस्थेच्या लोकांनी परत उकरलं, मुळं एकेक करून काढली, ठसे साफ केले, वर वाळू, वर मुळांना अडवणारं कापड, परत माती आणि सगळ्यात वर लाव्हाचे काळे दगड रचले. त्यामुळे आज तिथे गेलात तर तुम्हाला दगडांचा ढीग दिसेल. ती पावलं त्याच्या खाली आहेत, जशी टाकली होती तशी, उत्तरेकडे जाणारी.